मच्छीचा वास

फॉस्फीन या विषारी वायूची रचना तिपाईसारखी, वर फॉस्फरस अन् खाली हायड्रोजनचे तीन पाय. धान्यात टाकायच्या गोळ्यांतून सुटला की त्याला सडक्या मासळीचा वास येतो, हे बुलढाण्याच्या कॉलेजात शिकवून सुचिता दुपारी धाड गावी घरी परतली. घराच्या सगळ्या खिडक्या गच्च बंद होत्या. सासरे वामनराव नाकाला उपरणं लावून धुसफुसत होते, "शेजारच्या अमीरबीनं सडेल मच्छी शिजवली वाटते! मले तं ओकारी येऊन राह्यली."

सुचितानं वास ओळखला. वास घरातल्याच गव्हाच्या कोठीतून येत होता. कीड लागू नये म्हणून वामनरावांनी सकाळीच तिच्यात गोळ्या टाकल्या होत्या.

"मामाजी, हा तुमच्या गोळ्यांचा गॅस हाय, जहर हाय! पहिले बाहेर चला!"

तिनं ओढतच त्यांना अंगणात आणलं. तिथं ते भडाभडा ओकले. रोजा असल्यानं पहाटेपासून चूलही न पेटवलेली अमीरबी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

वामनरावांनी तांब्या लोटून दिला. "दूर हो! तुह्या हाताले मच्छीचा वास येते."


मोकळ्या हवेत उभ्या सुचिताला आता ओकारी आली.