वहिनींनी कालवलेला रंग

“पण ही तर...” हणमंत म्हणाला आणि थांबला.

चहाचा कप घेऊन दाराशी उभ्या असलेल्या दीपश्रीनं मान हलवली होती. नको, एवढंच. प्रभंजन बोटीवर वाकून कठड्याची तार सरळ करत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

“पण ही तर हुबेहूब आमचीच बोट,” हणमंतनं वाक्य पुरं केलं.

रंग सोडला तर ते खरंच होतं. हुबळीतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत चार फूट लांबीची युद्धनौका टेबलावर उभी होती. अंग सागवानाचं, लेथवर काढलेल्या पितळी तोफा, चहाच्या गाळणीच्या जाळीचं रडार. कठड्याची तार कमरीपेठेतल्या तांबटाकडून आणलेली. हणमंत खऱ्या बोटीवर श्रीवत्सच्या सोबत नोकरीला होता. कुठली शिडी कुठे उतरते ते त्याला बघताक्षणी ओळखू आलं. फक्त नौका करडी नव्हती. चुन्यात थोडा मोरचूद कालवावा, तशी फिकट निळसर हिरवी होती.

श्रीवत्स प्रभंजनचा थोरला भाऊ. नौदलाचं वेड मात्र धाकट्याचं. नव्वद साली भरतीला निघाला तोही प्रभंजनच. श्रीवत्स आपला सोबत म्हणून गेला आणि तिथं गेल्यावर तोही रांगेत उभा राहिला. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. ठिपक्यांत लपलेला आकडा श्रीवत्सला दिसला, प्रभंजनला दिसला नाही. हिरवा, तांबडा, करडा यांतला फरक आपल्याला कळत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

श्रीवत्स नौदलात गेला. प्रभंजन गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. पुढे श्रीवत्सचं लग्न झालं, दीपश्री घरात आली. आणि एका पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रात डेकवर काम करत असताना, लाटेनं श्रीवत्सला ओढून नेलं. देह मिळाला नाही.

“अण्णा माझ्या जागी गेला,” प्रभंजन म्हणाला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. काही दिवसांनी तो लाकूड घेऊन आला. राहून गेलेली हौस आणि भावाचं दुःख, दोन्ही तो त्या लाकडात घालतोय, असं सगळ्यांना वाटलं. आई अंबूताईंनी त्याला अडवलं नाही. पोरगा काहीतरी करतोय, यातच त्यांना बरं वाटत होतं.

रंगापाशी येऊन त्याचं अडलं. वाटी घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“वहिनी, करडा कालवून द्याल? मला कळत नाही.”

दीपश्रीनं हात पुसून वाटी घेतली. पांढऱ्यात जरासा काळा घालायचा होता. ती डब्यांकडे बघत राहिली. मग तिनं काळा बाजूला सारला, निळा आणि हिरवा घातला.

“झाला?”

“झाला.”

त्यानंतर रोज संध्याकाळी कामावरून आला की तो हाक मारी. तोफेच्या तोंडाला काळाच लागलाय ना? उजवीकडचा दिवा हिरवा आणि डावीकडचा तांबडा, बरोबर आहे ना? ती येऊन उभी राही, पुढे पुढे खुर्ची ओढून बसू लागली. बाकी सगळं ती खरं सांगे. अंबूताईंनी समुद्रच पाहिलेला नव्हता. युद्धनौका अशीच असते, असं त्या धरून चालल्या.

हणमंत आला होता तो श्रीवत्सच्या वर्षश्राद्धाला. जेवण झालं. “बरतेनि, येतो वहिनी,” म्हणत हणमंत निघाला. जाताना त्यानं पुन्हा एकदा नौकेकडे पाहिलं.

तो गेल्यावर दीपश्री पुढच्या खोलीत आली.

“भाऊजी, आज हणमंतराव खोटं बोलले. माझ्यामुळे.”

प्रभंजन ब्रश धूत होता.

“बोट करडी नाही. हिरवी आहे. इतके महिने मी तुम्हाला फसवत आले.” तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. “ह्यांची पेटी आली होती ना, तिला बोटीचाच उरलेला रंग दिलेला होता. आत घडी घातलेले कपडे होते. तेव्हापासून तो रंग मला बघवत नाही. येता-जाता तोच दिसला असता तर मी या घरात राहू शकले नसते. आणि तुम्हाला ओळखू येणार नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून केलं.”

प्रभंजननं ब्रश फडक्यावर दाबला.

“मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं,” तो म्हणाला. “हाताच्या बोटांना रंग लागला होता. वर्कशॉपमध्ये एकानं विचारलं, घराला हिरवा रंग देताय काय म्हणून.”

दीपश्री त्याच्याकडे बघतच राहिली.

“मग बोलला का नाहीत? एवढी मेहनत घेतलीत. तुमच्या मनातली बोट, आणि मी ती...”

“मला बोट कुठं करायची होती, वहिनी?” प्रभंजन खालच्या आवाजात म्हणाला. “अण्णा गेल्यापासून तुम्ही कुणाशी एक शब्द बोलत नव्हता. रोज येऊन तुम्हाला विचारावं, असं माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.”