बुटका चिन्नोर

झाकण उघडू नको म्हणून आम्रपालीनं बजावलं होतं, तरी जिजाबाईनं भाताच्या गंजावरचं झाकण उचललंच. वाफ तोंडावर घेतली, डोळे मिटले. वास आला. पण लगेच तिला स्वतःच्याच नाकाचा संशय आला. आईचं नाक ते; लेकीनं कोंडा शिजवला असता तरी त्याला सुगंधच आला असता.

"बाबा, तुमाले येऊन राह्यला का वास?" आम्रपालीनं विचारलं. शहरातल्या प्रयोगशाळेत भल्याभल्यांसमोर न अडखळता बोलणारी ही पोरगी चुलीपाशी नखं खात बसली होती.

"शिजू त दे आधी," वसंता म्हणाला. लेकीइतकाच बापाचाही जीव टांगणीला लागला होता, पण कबूल करेल तर तो वसंता कसला.

त्यांचा चिन्नोर, तो वासाचा धान, उंच वाढायचा आणि कापणीच्या तोंडावर वाऱ्यानं आडवा व्हायचा. निम्मा धान चिखलात जायचा. आम्रपालीनं त्याच्या एका जनुकात नेमका काप दिला. बाहेरचं काही घातलं नाही. रोप बुटकं झालं, दाणे वाढले, आणि यंदा मंजुरी मिळून ते बापाच्या शेतातल्या बांधीत आलं. वारा आला, पाऊस आला, धान पडला नाही. उतारा दुपटीवर गेला. पण वासच गेला असेल, तर तो चिन्नोर कसला? पोरीच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. शेजारच्या महागूनं तर रोवणीलाच सांगून टाकलं होतं, "बुटक्याले कायचा वास येते?"

तोच महागू सायकल घेऊन समोरून चालला होता. कुंपणापाशी थांबला. आधी त्याचं नाक आत आलं, मग मान.

"काहो वसंता, कोण पाहुणे आले आज?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गावात चिन्नोर शिजायचा तो पाहुण्यासाठी. बाकीचा परसवाड्याच्या बाजारात जायचा. जिजाबाईनं जन्मभर तो रांधला, वाढला आणि स्वतः मात्र जाडा भात खाल्ला.

आम्रपाली रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. वसंता उगाचच चुलीत लाकूड सारत बसला. जिजाबाई पदरानं डोळे पुसून दारात गेली.

"पाहुणे कोणी नाही, भाऊ," ती म्हणाली. "आज आमीच जेवून राह्यलो."