आठ फेऱ्या

निवड चाचणीत हरले की पोहणं सुटेल आणि प्रयोगशाळेतल्या नोकरीवर रुजू होता येईल, असा माझा हिशोब होता. प्रशिक्षक म्हणजे आमचे बाबाच. त्यांना तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून मनात आकडे मोजत मी आठही फेऱ्यांना दोन-दोन सेकंद जास्त लावले आणि शेवटची आले.

बाबा काठावर स्टॉपवॉच निरखत होते.

“दमलीस?”

“हो बाबा. आता नाही झेपत.”

मी वर येताच त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यांवर टाकला.



“दमलेला माणूस दर फेरीला बरोबर दोनच सेकंद मागे पडत नाही, बाळा. पाण्यात इतकं डोकं ताळ्यावर असणारी मुलगी वाया कशाला घालवू? उद्यापासून तू आपल्या वॉटर पोलो संघाची कप्तान.”