चार सळया

किसनरावच्या वावरात मेघा चौथी सळई ठोकत होती आणि बांधावर बसलेल्या बंडूजींचा जळफळाट होत होता.

वडनेरात तीस वर्षं पाणी दाखवलं ते बंडूजींच्या तळहातावरच्या नारळानं. नारळ उभा राहिला की तिथंच विहीर. पाणी लागलं की घरधनी त्यांच्या खांद्यावर दुपट्टा टाकायचा. असे एकवीस दुपट्टे त्यांच्या पेटीत होते. आणि आज किसनरावनं नागपूरहून ही पोरगी बोलावली होती. बंडूजींना साधं विचारलंही नाही.

"हे मशीन का करते, बाई?" त्यांनी सकाळीच विचारून घेतलं होतं.

"जमिनीत करंट सोडतं, काका. ओल असली की करंट सहज जातो, कोरड्या दगडातून जात नाही. त्यावरून खालचं पाणी कळतं."

दुपारी मेघा मशीनकडे पाहून काहीतरी बोलली. किसनरावनं मान खाली घातली. माझ्यापुढं कधी घातली नाही, बंडूजींच्या मनात आलं. सळया तशाच ठेवून दोघं वावराला लागूनच असलेल्या घरी जेवायला गेली.

बंडूजी उठले. आपल्या गोठ्यातलं बैलांचं मीठ त्यांनी बादलीभर पाण्यात कालवलं आणि चारही सळयांच्या बुडाशी ओतलं. इथं खाली नुसता काळा पत्थर. त्यांचा नारळ इथं कधी हललासुद्धा नव्हता. आता मशीन फसणार, किसनराव बोअर मारणार आणि धुरळा उडणार. पोरीचं तोंड पाहण्यासारखं होईल.

झालंही तसंच. जेवून आल्यावर मेघानं सळयांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि मधोमध चुन्याची खूण केली.

"पक्कं ना?" किसनरावनं विचारलं.

"पक्कं."

तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. बंडूजी सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले. दीडशे फुटांपर्यंत धुरळाच. त्यांना हसू लपवता येईना. एकशे ऐंशीला फवारा उडाला आणि ते नखशिखांत भिजले.

किसनरावनं मेघाच्या खांद्यावर दुपट्टा टाकला. तिनं तो काढून हातात घेतला आणि त्याच्या बायकोकडे, तानाबाईकडे वळली. "काकू, त्या दिवशी सळयांपाशी कोण होतं म्हणालात?"

"हे बंडूजी. बादली घेऊन ओतून राह्यले होते. मी घराच्या छपरीतून पायलं ना."

बंडूजींना मान वर करवेना. मेघानं दुपट्टा त्यांच्या खांद्यावर टाकला.

"जमीन इतकी कोरडी, की मशीनवर आकडाच ठरत नव्हता, काका. अशा वेळी सळयांशी मीठपाणी ओतावं लागतं, आणि नेमकं तेच मी विसरले होते. किसनरावांना सांगून टाकलं होतं, जेवून परत जाते म्हणून."