काचेवरची वाफ

सोनूबाईंचा नवरा कडूबा दुसऱ्या महायुद्धात गेला, तो परत आलाच नाही. मेल्याची खबरही आली नाही, म्हणून धावडा गावात सोनूबाई पन्नास वर्षं कुंकू लावत राहिल्या.

घरात त्याचा एकच फोटो होता. मुलाने, काकासाहेबाने, टोपीवरच्या बिल्ल्यावरून पलटण शोधली आणि पत्रं लिहिली. १९९३च्या वैशाखात उत्तर आलं. कडूबा १९४४ साली ब्रह्मदेशात मरण पावला होता.

"काय लिव्हलंय?" सोनूबाईंनी विचारलं.

"थांब माय. बिल्ला बराबर वळखला का न्हाई, एकदा बघतो."

"पन्नास वर्सं थांबलेच की. आता तू बी थांबाया लाव."

काकासाहेबाने फोटो उतरवून मांडीवर घेतला. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी शिपायाच्या तोंडासमोर काचेवर बोराएवढा वाफेचा ठिपका होता. त्याने तो बाहीने पुसला. ठिपका हलला नाही. वाफ आतून होती.

त्याने चौकटीचे बारीक खिळे काढून काच उन्हात धरली, कोरडी करून पुन्हा बसवली.

ठिपका उमटला, विरला, पुन्हा उमटला. आपण श्वास रोखून बसलो आहोत, हे काकासाहेबाच्या उशिरा लक्षात आलं.

सोनूबाई समोर येऊन बसल्या. त्याचा चेहरा पाहून त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि कपाळापाशी नेलं.

"सांग एकदाचं. पुसू का?"

काचेवरची वाफ भराभर येऊ-जाऊ लागली.