पाठमोरी वरात

गाडी खिंडीच्या पायथ्याशी आली, दोनदा खोकली आणि

थांबली.

"झालं!" पुतळाबाई म्हणाल्या. "मी बोललेच होते."

शेजारी बसलेल्या नव्या सुनेने, जनीने, मान आणखी खाली घातली. पुढच्या बाकावर तिचा नवरा जयदेव होता. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. आणि चाकामागे तिचा बाळामामा. गाडीचा मालक, ड्रायव्हर, मेकॅनिक आणि जगातला एकुलता एक चाहता. वऱ्हाडाची लॉरी केव्हाच भोंगा वाजवत खिंडीपलीकडे गेली होती.

गाडी उभीच आहे, तोवर थोडं मागचं सांगून घेऊ.

ही गाडी जनीपेक्षा दहा वर्षांनी मोठी. मामा ज्या पारशाकडे ड्रायव्हर होता, त्याने नवी घेतली आणि ही मामाला देऊन टाकली. टपाला ठिगळं. आरसा आणि भोंगा उल्हासनगरच्या कॅम्पातल्या चंदरच्या भंगाराच्या दुकानातून आणलेले. नवी डांबरी सडक झाली, लॉऱ्या सुसाट पळू लागल्या. मामाची गाडी मात्र बैलगाडीच्या मागे भोंगा वाजवत बसायची आणि बैलांना वाटलं तरच पुढे जायची. "सुनेला लॉरीत बसवा," असं पुतळाबाईंनी दोनदा सांगून पाहिलं. मामा हटला नाही. भाची जाईल तर मामाच्या गाडीतून.

आणखी एक. खरवईहून, माहेराहून, निघताना आईने, सगुणाबाईने, जनीची ओटी भरली आणि कानात सांगितलं, "मागं वलून बघू नको गो. बघितलं का सासर लाभत नाय." एवढं बोलून ती गोठ्यात शिरली, ती शिरलीच. गाडी हलली तेव्हा दारात सगळे होते. आत्या, काक्या, शेजारीपाजारी, शेळीसुद्धा. आई तेवढी नव्हती.

मैलभर जनीची मान ताठ. आई बाहेर आली असेल का? नुसतं एकदा वळलं तर कळलं असतं. पण एका बाजूला शपथेसारखं आईचं वाक्य आणि दुसऱ्या बाजूला पुतळाबाईंचे डोळे. मामाने तिला एकदा आरशात पाहिलं होतं.

आता पुन्हा गाडीकडे.

"जावईबापू, जरा चाकाला दगड लावा," मामा म्हणाला. जयदेव दगड शोधायला उतरला. मामाने पुढचा बाक उचलला. खाली पेट्रोलची टाकी. टाकीत लाकडी पट्टी बुडवली, वर काढली, पाहिली न पाहिली आणि धोतराला पुसली.

"पेट्रोलनं तल गाठला," तो म्हणाला. "आता उलटी चढवावी लागंल."

"उलटी म्हंजे?"

"विहीणबाई, हिला पंप नाय. पेट्रोल आपलं आपण चालत इंजिनात जातं. टाकी भरलेली असली तर चढावरबी जातं. कमी असलं तर? पानी कधी डोंगर चढतं का? म्हणून गाडीचं तोंड खाली करायचं. इंजिन खाली, टाकी वर. मग चाललं."

"म्हंजे माझी सून घरात पाठमोरी येनार?"

"घरात नाय हो. फकस्त खिंडीत."

"लोक हसतील!"

"हसू द्या की! लगीनच हाय, मयत थोडीच हाय?"

जयदेवने आणि मामाने ढकलून गाडी फिरवली. हॅन्डल मारलं. गाडी थरथरली आणि ढुंगण पुढे करून खिंड चढू लागली. मामाची मान मागे, गाडीचं तोंड गावाकडे. वरून येणाऱ्या लॉरीचा क्लीनर ओरडला, "ओ चाचा, गाडी उल्टी है!"

"गाडी सीधी है," मामा ओरडला, "तुम्हारा रस्ता उल्टा है!"

पुतळाबाईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. जनीनेही लाजेने डोळे मिटले. मग उघडले.

समोर, काचेतून, खरवई.

तिने मान वळवली नव्हती. ती नवरीने बसावं तशीच बसली होती. सरळ, समोर पाहत. आणि गाडी जसजशी वर चढत होती तसतसं गाव तिच्यापुढे उलगडत होतं. आंबा. विहीर. मांडवाचे खांब. गोठा.

गोठ्यातून आई बाहेर आली.

इकडेतिकडे पाहिलं. आता आपल्याला कोण बघतंय, अशा बेताने ती पेंढ्याच्या उडवीवर चढली आणि कपाळाला हात लावून सडकेकडे बघत राहिली.

जनीने हात उंच केला. चुडा झळकला.

एवढ्या लांबून तो दिसला असेल की नाही कोण जाणे. पण मामाने भोंगा दाबला, दाबूनच धरला, आणि उडवीवरची ती एवढीशी आई पदर काढून हवेत फडकवू लागली. खिंडीचा माथा येईपर्यंत फडकवत होती.

माथ्यावर गाडी थांबली. जनीचा चेहरा डोळ्यांतल्या पाण्याने भिजलेला आणि हसरा.

"आता तरी सरल न्या," पुतळाबाई म्हणाल्या. "जयदेवा, बघ रे, घरापर्यंत पुरतंय का ते. नायतर परत खोलंबा."

"मी बघतो," मामा घाईने म्हणाला. पण जयदेवने बाक उचललाही होता. त्याने पट्टी आत सोडली. वर काढली.

पट्टी त्याच्या मुठीपर्यंत ओली होती.

मामा आभाळात घारी शोधू लागला. जयदेवने पट्टीकडे पाहिलं, मग मामाकडे, मग जनीकडे. नव्याकोऱ्या उपरण्याला त्याने ती पट्टी शांतपणे पुसली.

"तलालाच हाय, आये," तो म्हणाला. "उतारावर पुरंल. पन जनीला माहेरनं आनताना ही खिंड दर वेलेला अशीच चढावी लागंल."