तीस पांढरी कार्डं

"पोट्ट्यायले शिकू द्यायचं सोडून हे काय लावून राहिल्या तुम्ही?" मीनलच्या हातातली कार्डं पाहताच वर्गशिक्षिका शेवंताबहनजींनी तोंड सोडलं.

मीनल पर्यावरण-आरोग्य संशोधन केंद्रातून आली होती. बहनजींच्या वर्गातल्या तीस पोरांना तिनं व्हॅसलिन फासलेली, नंबर घातलेली पांढरी कार्डं वाटली. आठ दिवस घरात टांगा, मग हवेतनं काय चिकटतं ते आपण तपासू, म्हणाली.

"रायपूर राजधानी काय झालं, जो तो तपासायलेच येऊन राहिला!" बहनजी फणकारल्या.

राग उगाच नव्हता. शाळेमागं जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं गाळायचा कारखाना होता आणि बहनजींचा नवरा नत्थू तिथंच भट्टीवर होता. कारखान्याला टाळं लागलं तर नत्थू घरी बसणार. दीड वर्षाची नात चेतना आधीच पोटदुखीनं वाळत चाललेली. तिचं औषधपाणी नत्थूच्याच कमाईवर. बिचारा कामावरून आला की तसाच तिला कुशीत घेऊन बसायचा.

मग बहनजींनी डाव टाकला. गोल बाजारातून तशीच कार्डं आणून व्हॅसलिन फासलं. कोरी दिली तर बिंग फुटेल, एवढी अक्कल होती. म्हणून तीसही कार्डं आठ दिवस दूर पुरानी बस्तीत, धूर पोचत नाही अशा एका लख्ख पडवीत टांगली. पोरांची काजळलेली कार्डं चुलीत घातली आणि त्यांचे नंबर या नव्या कार्डांवर उतरवले.

"इतकी स्वच्छ?" मीनल चकित झाली.

"मंग! उगाच बदनाम करता कारखान्याले. निघा आता."

पंधरा दिवसांनी मीनल धापा टाकत परत आली.

"काहून आल्या पुन्हा?"

"बहनजी, प्रयोगशाळेत तपासलं, कार्डांवर शिसंच शिसं आहे! काजळी नाही, म्हणजे चिमणीतलं नाही. कामाच्या कपड्यांवरून घरात येतं हे. लहान मुलांच्या पोटात जातं, मूल वाळत जातं. आजच रक्त तपासायला हवं. तीसही घरांचे पत्ते द्या."

बहनजींनी हजेरीपट उघडला. मिटला. 

"तीस नाही, म्याडम, एकच घर हाय," त्या म्हणाल्या. "माझं. आमच्याच पडवीत, नातीच्या पाळण्यावर मीच टांगली होती सारी."